आईचे मऊ बूट

माझी आई रुखमा धुऱ्यावरून पडली, यावर चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यातल्या आमच्या गावात आठवडाभर कोणाचा विश्वास बसला नाही. माझा अजूनही बसत नाही. वीतभर रुंद धुरा, म्हणजे शेताचा बांध, डोक्यावर धानाच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, ओली टोपली आणि अनवाणी पाय. तीस वर्षं रोवणीत, धानाच्या लावणीत, ती सगळ्या बायांच्या पुढे चालली. मागच्यांनी तिच्या पावलावर पाऊल ठेवायचं, हा आमच्याकडचा रिवाजच.

पडायला कारण मी! मी वरोऱ्याला कपड्यांच्या दुकानात कामाला. टाच दुखते म्हणाली, म्हणून तिला दोन बोटं जाड फोमचे बूट आणून दिले. दुखणं थांबलं. मग बाईसाहेबांनी बूट सोडलेच नाहीत. अंगणात बूट, चुलीपुढे बूट. "गादीवर चालल्यावानी वाटते वं," म्हणायची, आणि मी फुशारून जायची. वर्ष गेलं. चिखलात काही बूट चालत नाहीत. रोवणीच्या पहिल्या दिवशी तिने ते काढले, आणि दहाव्या पावलाला घोटा मुरगळून आई टोपलीसकट खालच्या बांधीत, पाण्याने भरलेल्या खाचरात.

सूज उतरल्यावर चंद्रपूरच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तिला डोळे मिटून चांगल्या पायावर उभं राहायला सांगितलं. आई हसली. एक, दोन, आणि तिने टेबल धरलं.

"बूट वाईट नाहीत," त्या म्हणाल्या, "पण दिवसभर सगळं काम बुटानेच केलं. पाय आळशी झाले, त्यांना जमीन कळेनाशी झाली. आता घरात थोडं थोडं अनवाणी चाला."

यंदाची रोवणी शेजारच्या सोमारीबाईच्या मागे उरकली. आई अंगणातल्या खाटेवरून बघत होती. मला ते बघवलं नाही.

आता रोज सकाळी ती दाराच्या चौकटीशी एका पायावर उभी राहते. "कापणीले मले पुढं चालाचं हाये," म्हणते. परवा तिला हिंमत द्यायला मीही माझे जाड बूट काढून शेजारी उभी राहिले. डोळे मिटले. एक म्हणेपर्यंत मी भिंतीवर! वय सव्वीस, दुखणं ना खुपणं.

आई पंधरापर्यंत गेली होती. डोळे उघडून ती माझ्या पायांकडे बघतच राहिली.

"मी तं इसरली होती, संघा. तू तं कधी शिकलीच नाई."