झिऱ्याचा तळ

पेठ तालुक्यातल्या आमच्या घराच्या खालच्या अंगाला एक झिरा होता. झिरा म्हणजे विहीर नव्हे. कातळातला कमरेएवढा खड्डा, त्यात झिरपून येईल तेवढंच पाणी. करवंटीने हंड्यात भरायचं, आटलं की जरा थांबायचं, पुन्हा भरायचं. पण त्याच्यामुळे भर चैत्रातही आईला पाण्यासाठी दरीत उतरावं लागायचं नाही. मी नाशिकला नोकरीला. दादा-वहिनी भाताची सुगी सरली की द्राक्षांच्या कामाला जायचे. आई मात्र घर सोडायची नाही. "झिरा हाय तवर मी कुठं येत नाय," म्हणायची. मला राग यायचा. एवढा फ्लॅट घेतलाय तो कुणासाठी, म्हणते मी!

मग पाऊस लहरी झाला. पंधरवडा गायब, आणि आला की एका दिवसात शेताचे बांध फोडून मोकळा. झिरा माघातच मंदावला. दादाने डोकं चालवलं. घराच्या पत्र्यांना पन्हळ लावायची, ते पाणी गाळून पाइपाने झिऱ्यात सोडायचं, आणि जास्त साठावं म्हणून झिरा खोल करायचा. जुनंही राहील, नवंही होईल. मलाही पटलं. आमच्याकडे पाणी कमी झालं की सगळे एकच औषध सांगतात, खोल करा! आईने तर जेसीबीला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. ज्या कातळाने पाणी अडवून धरलं होतं तोच आपण फोडतोय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पावसाळ्यात पत्र्यांचं पाणी असं आलं की संध्याकाळी झिरा काठोकाठ. आईने फोन केला, केवढी खूश! सकाळी ती बघते तर तळाला नुसता चिखल. पुढे रोज तेच. खोदताना तळाला पडलेल्या भेगेतून पाणी कुठे जायचं देव जाणे. पत्र्यांचं तर गेलंच, पूर्वीचं झिरपणंही गेलं. भलं करायला गेलो आणि असलेलंही घालवून बसलो. मी दादाला फोनवर वाट्टेल ते बोलले.

उन्हाळ्यात आई दरीतून हंडा आणताना पडली, गुडघा सुजला. मी जाऊन तिला नाशिकला घेऊन आले. इथे नळ सोडला की पाणी, पण तिचं आपलं एकच पालुपद, "पाऊस लागू दे, झिऱ्यानं पाणी धरलं की जाते गं." दादाने मे महिन्यात ती भेग सिमेंटने बुजवली होती, वर काळी माती चोपली होती. तेवढ्या आशेवर ती दिवस ढकलत होती. खरं सांगते, मला आई घरी हवीच होती, पण अशी नको होती. तिच्याकडे बघून जीव तुटायचा.

आषाढात एका संध्याकाळी दादाचा फोन आला. झिरा भरला होता. आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"आत्ताचं नको सांगू," ती म्हणाली. "सकाळी बघ, मग सांग."

सकाळी फोन आला नाही. दुपार झाली तरी नाही. मीच लावायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे. त्याला कशाला बोलाया लावतेस?"

जेवणं झाल्यावर ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुझ्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून देतेस का गं? माझी लुगडी ठेवते."