बटण वाढवा, अक्षर कापू नका

रत्नाताई निकम यांना मी पहिल्यांदा भेटले ती आमच्या सुरतेतल्या कतारगामच्या ऑफिसात, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, मोबाइल ॲपचे प्रोग्राम लिहिणारी. मिल कामगारांसाठीच्या एका ॲपच्या पांढऱ्या स्क्रीनवर मी फिकट राखाडी अक्षरांची बटणे केली होती आणि ती मला फार सुरेख वाटत होती. स्क्रीन तपासून मान्यता देण्याचे काम रत्नाताईंकडे होते. त्यांनी माझा फोन उचलला, मला जिना उतरवून रस्त्यावर नेले आणि भर उन्हात फोन माझ्या हातात दिला.

"वाच."

मला एक अक्षर दिसेना.

"मग मिलच्या फाटकावर उभ्या माणसाने हे कसे वाचायचे?" असे म्हणून त्या जिना चढूनही गेल्या. मी रडवेली होऊन तिथेच उभी. ही आमची पहिली ओळख. ती गोड नव्हती, आणि गोड करून सांगितलेली रत्नाताईंना चालणारही नाही.

त्यांचे घराणे धुळ्याकडचे. वडील सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले, त्यांच्यामागे सारे कुटुंब आले. रत्नाताई दहावीनंतर छापखान्यात लागल्या. मराठी लग्नपत्रिका आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका जुळवता जुळवता अक्षरे त्यांच्या बोटांत मुरली. छापखाना बंद पडला तेव्हा त्या संगणकावर आल्या, आणि पुढे मोबाइलवर. आम्हा पदवीधरांना जे दिसत नसे ते त्यांना दुरून दिसे. इंग्रजी शब्दाच्या मापाने बटणाची उंची ठरवली की मराठीची वेलांटी वरून कापली जाते आणि उकार खालून. 'चालेल की, कळतं लोकांना,' असे आम्ही म्हणायचो. त्या म्हणायच्या, "तुझ्या नावाचा काना कापला तर चालेल का?"

त्यांच्या मायेबद्दलही लिहायलाच हवे, कारण ती त्या लपवतात. माझ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा रत्नाताई न सांगता बमरोलीला आमच्या खोलीवर आल्या. आईच्या फोनमधली अक्षरे त्यांनी सर्वांत मोठी करून दिली आणि तासभर शेजारी बसून तिच्याकडून वाचून घेतले. परभणीहून आलेला मावशीचा निरोप आईने त्या दिवशी प्रथमच स्वतः वाचला. तोवर तिचे निरोप मी वाचून दाखवत असे, आणि घाईत अर्धे गाळत असे.

आता धोंडूआबांची गोष्ट. रत्नाताईंना 'भांडखोर' म्हणणाऱ्यांनी ती पूर्ण वाचावी.

आमच्या कंपनीने सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलसाठी हजेरीचे ॲप केले होते. त्यात शेजारी शेजारी दोन बटणे होती: 'काम संपले' आणि 'काम सोडले'. पहिले पाळी संपल्यावर दाबायचे, दुसरे नोकरी सोडताना. प्रोग्राम माझा होता. बटणाची रुंदी आणि उंची मी पक्की बांधून टाकली होती. मजकूर मावला नाही तर पुढे तीन टिंबे. आमच्या चाळीतले धोंडूआबा त्या मिलमध्ये कामाला होते. डोळे अधू, म्हणून त्यांनीही फोनमधली अक्षरे मोठी केलेली. त्यांना दोन्ही बटणांवर एकच दिसत होते: 'काम…' त्यांनी दुसरे दाबले. पुढे खात्री करून घेणारा प्रश्न आला, तोही अर्धाच दिसत होता. आबांनी 'हो' म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फाटकातून आत घेतले नाही. नोंदीत त्यांनी नोकरी सोडलेली होती.

आबा आमच्या दारात आले. "मी काम सोडेल नई शे, बेटा," ते अहिराणीत पुन्हा पुन्हा सांगत होते. "माले दोन्ही बटनंवर 'काम'च दिखनं."

मी फोन पाहिला. चूक माझ्या प्रोग्रामची होती. रत्नाताईंना सांगताना मी पळवाट काढली. म्हटले, तपासताना अक्षरे नेहमीच्या आकाराची होती. त्या म्हणाल्या, "मी तपासले, मान्यता मी दिली. चूक तुझी आणि माझी आहे. आबांची नाही. चल."

आमच्या मालकांसह आम्ही मिलमध्ये गेलो. तिथल्या मॅनेजरांचे म्हणणे उलटे होते. वापरणाऱ्याने नीट वाचावे. परत असे होऊ नये म्हणून फोनमधली मोठी अक्षरे आमच्या ॲपला लागूच होणार नाहीत अशी सोय करा. आमच्या मालकांनाही ते पटले. "रत्नाबेन, साइज लॉक करी द्यो ने, पती गयुं," ते म्हणाले. अक्षरांचा आकार बांधून टाका, विषय संपला.

"आकार बांधला की आबांना काहीच दिसणार नाही," रत्नाताई म्हणाल्या. "आज चुकीचे बटण दाबले, उद्या दाबताच येणार नाही. बटण वाढवा. अक्षर कापू नका, आणि बारीकही करू नका."

"सगळी स्क्रीन बदलावी लागेल," मालक म्हणाले.

"बदलू."

"आणि नाही बदलली तर?"

"तर त्यावर माझी मान्यता नाही. लिहून देते." मॅनेजरांच्याच टेबलावरचा कागद ओढून त्यांनी ते लिहिले, सही केली आणि खाली आणखी एक ओळ घातली: धोंडूआबांनी नोकरी सोडलेली नाही, चूक ॲपची आहे. मालकांचा चेहरा उतरला. ताईंनी पेन पुढे केले तेव्हा मीही सही केली. आयुष्यात मी केलेली ती पहिली धीट गोष्ट.

चौथ्या दिवशी आबा कामावर परतले. आम्ही बटणे एकाखाली एक घेतली, बांधलेली उंची काढली, मजकूर दुसऱ्या ओळीवर जाऊ दिला आणि मात्रांसाठी वर-खाली जागा सोडली. मग बमरोलीत पाच-सहा वयस्क कामगारांच्या फोनवर, त्यांच्याच हातांनी, तपासून घेतले. मिलने नवे ॲप स्वीकारले, पण रत्नाताईंनी पुन्हा बैठकीला येऊ नये अशी अट घातली. मालकांनी ती मानली. वर्षभर ताईंना कोणत्याच ग्राहकाकडे नेले नाही. त्यांनी माफी मागितली नाही, आणि तपासणीत तसूभरही ढिलाई केली नाही. आज आमच्या ऑफिसातली प्रत्येक स्क्रीन सर्वांत मोठ्या अक्षरांत तपासूनच बाहेर जाते. मालक आता तो आपला नियम म्हणून सांगतात. सांगोत बापडे.

साठी झाली, आता तरी जरा जमवून घ्या, असा सल्ला रत्नाताईंना या निमित्ताने अनेकांनी दिला आहे. मी तो देणार नाही. या गौरवग्रंथातून मी त्यांच्यासाठी एवढेच मागते, की त्यांना उदंड आयुष्य लाभो, नजर तीक्ष्ण राहो, गुडघे जिने चढत राहोत. आणि जिथे जमवून घेऊ नये, तिथे त्यांचे कोणाशीही, कधीही न जमो.