बंद दारांपुढची रांगोळी

भांड्यांच्या गल्लीतली ती तक्रार आठवली की मला आजही आधी हसू येते, मग हात जोडावेसे वाटतात. नव्वदीची सुरुवात होती. मी कुंभकोणमला पोलीस निरीक्षक होतो. स्टीलने पितळेला हरवले होते आणि लग्नाची भांडी घ्यायला येणाऱ्यांना गल्लीत बंद दुकानेच जास्त दिसत.

एका सकाळी मद्रासहून आलेला तरुण ठाण्यात शिरला. त्याच्याकडे मद्रासला राहायला गेलेले वडील नुकतेच वारले होते. सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत. पण वडिलांच्या बंद दुकानापुढे कोणीतरी ऐसपैस रांगोळी घातली होती. दुकान लाटू पाहणाऱ्याचेच हे काम, असे त्याचे म्हणणे.

हवालदाराने विचारले, "सार, कलम कोणते लावू?"

म्हटले, "आधी घटनास्थळ पाहू. कलम कुठे पळून जात नाही."

तरुणाला घेऊन गेलो. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने कानात खबर दिली, की पहाटे प्रत्येक बंद दुकानापुढे रांगोळी उमटते आणि काढणारा बाईमाणूस नाही. मी गुडघ्यांवर बसून पंचनामा केला. बघ्यांना फुकट नाटक! तांदळाच्या पांढऱ्या पिठात जागोजागी काळपट बोटे उठली होती. चिंचेने पितळ घासणाऱ्याची बोटे तशी असतात, आणि पितळेचे दुकान आता एकच उरले होते, अगदी शेजारचे.

त्याचे म्हातारे मालक आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेल्या मराठी घरातले. मी आवाज चढवताच त्यांनी कबुली दिली.

"बिनरांगोळीची दारे पाहून लग्नाचे गिऱ्हाईक अशुभ म्हणून परत फिरते, सार. मग माझे दुकान कसे चालायचे? आणि हा शेजारचा, पोराकडून परत आला तर त्याला स्वतःचे दार भुंडे दिसावे?"

मित्र गेल्याचे त्यांना कोणी कळवलेच नव्हते. मुलानेच पुढे होऊन सांगितले. खांद्यावरच्या पंच्याने म्हातारबुवांनी ती रांगोळी पुसून टाकली.

मुलाने तक्रार मागे घेतली. निघताना म्हणाला, "मामा, सुतक फिटले की दारात पाणी मी शिंपडतो. रांगोळी तुम्ही काढा."

गुन्ह्यामागे फायदा शोधायला मला खात्याने शिकवले. फायद्याच्या पोटात मायाही असते, हे त्या गल्लीने. गल्ली पुढे फार टिकली नाही. पण त्या दिवशी तिथून घेतलेली समई मेलकावेरीच्या माझ्या घरी आहे. तिच्या तळाशी म्हातारबुवांच्या बोटाचा काळा ठसा आहे. तो पुरावा आहे, असे बजावून मी तेवढी जागा कोणाला घासू देत नाही.