रिकाम्या गाडीचा ब्रेक

ती घटना आठवायला मला खटाटोप करावा लागत नाही. महामार्गावर सळईने भरलेला ट्रक पुढे दिसला की आजही माझी नजर आधी त्याच्या मागच्या चाकांकडे जाते. गाडी चालवणारा माझा मुलगा म्हणतो, "बाबा, रिटायर झालात आता." झालो असेन. पण त्या प्रकरणात एका माणसाच्या कपाळावर खोटा शिक्का बसता बसता राहिला, आणि तो बसावा म्हणून ज्यांनी जोर लावला ते अजून मिशीवर ताव देत हिंडतात. म्हणून लिहितो. नाव कुणाचंच घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळेल.

मी तेव्हा अंबड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्याची दुपार. जालन्याहून सळई भरून एक ट्रक बीडकडे निघाला होता. वडीगोद्रीच्या अलीकडे रस्ता जरा उतरतो. तिथे एक काळीपिवळी जीप प्रवासी घ्यायला थांबलेली होती. ट्रक थांबेना. जीप वाचवायला ड्रायव्हरने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि ट्रक कडेच्या रसवंतीत घुसला. रसवंतीवाला चरकापाशीच उभा होता, तो जागीच गेला. त्याची बायको मागे बर्फ फोडत बसली होती, म्हणून वाचली.

आम्ही पोहोचलो तोवर लोकांनी ड्रायव्हरला चांगलंच धुतलं होतं. त्याला गर्दीतून ओढून काढलं, दवाखान्यात पाठवलं, रक्ताचा नमुना घ्यायला लावला. पंचनामा केला, नकाशा काढला, ट्रक ठाण्याच्या आवारात आणला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवला. रक्तात दारूचा अंश निघाला नाही.

आता आमच्याकडची एक वहिवाट सांगतो, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच फिरलं. अपघातातला ट्रक ठाण्यात आला की आधी माल उतरतो. व्यापारी घायकुतीला येऊन दारात उभाच असतो. तो अर्ज देतो, माल दुसऱ्या गाडीत टाकतो आणि रवाना होतो. त्यानंतर मोटार वाहन निरीक्षक येतात आणि ट्रक तपासतात. म्हणजे रिकामा ट्रक तपासतात. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. इथेही तसंच झालं. निरीक्षकांनी पायाने ब्रेक दाबून पाहिला, चारी बाजूंनी व्यवस्थित लागला. तसा अहवाल आला: ब्रेक चालू स्थितीत. ब्रेक चालू, ड्रायव्हर शुद्धीत, तरी गाडी थांबली नाही. मग दोष उरला कुणाचा?

ड्रायव्हर भोकरदनकडचा, केदारखेड्याजवळच्या एका वस्तीवरचा. पन्नाशी गाठलेला. हात गळ्यात बांधलेला, ओठ फुटलेला, आणि जीभ अशी तिखट की आमच्या हवालदारांना तो समोर आला की डोकेदुखी व्हायची.

"साहेब, मी ब्रेकवर उभाच राह्यल्तो," तो म्हणाला. "ब्रेकच्या काट्यावर हवा फुल्ल. फुडचे ब्रेक लागले. मागचे लागलेच न्हाई. मागून धूड ढकलतच राह्यलं."

"निरीक्षकांनी तपासलेत ब्रेक. लागतात."

"रिकाम्या गाडीचे लागत्याल की! मी काय रिकामी चालवून राह्यलो होतो?"

हवालदार ओरडले, "साहेबांशी नीट बोल." मी त्यांना हाताने थांबवलं. माणूस उद्धट आहे म्हणून खोटारडा ठरत नाही. माझ्या नोकरीत मला खोटं बोलणारे बहुतेक फार अदबीने बोलताना दिसले आहेत.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ट्रकचा मागचा ॲक्सल नुकताच बदलला होता, आणि त्यानंतरची ही पहिलीच भरलेली खेप होती. अंबडच्या आसपास ब्रेक दमदार लागत नाही असं वाटलं म्हणून त्याने मालकाला फोन केला. मालक म्हणाला, नवं काम आहे, बसेल हळूहळू, चल तू.

मालक दुसऱ्याच दिवशी ठाण्यात हजर. गाड्यांचा ताफा बाळगणारा माणूस, वर ओळखी. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ॲक्सल? आमच्या गाडीच्या ॲक्सलला कुणी हातसुद्धा लावलेला नाही. हा कायपण बोलतो."

मग माझ्यादेखतच ड्रायव्हरकडे वळून समजुतीच्या सुरात सांगू लागला, "हे बघ, डुलकी लागली म्हण. होतं माणसाचं. वकील माझा, जामीन माझा. घरच्यांना काही कमी पडू देणार नाही."

ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "मालक, लायसन मिळाल्यापासून स्टिअरिंगवर डोळा न्हाई लागला माझा. तुमच्यासाठी आता झोपू काय?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला हा माणूस आवडला. डुलकी म्हटलं असतं तर त्याची सुटका सोपी होती, निदान तसं त्याला दाखवलं जात होतं. पण ते एकदा लिहिलं गेलं की लायसन गेलं, शिक्षा लागली, आणि झोपेत माणूस मारला हे जन्मभर नावाला चिकटलं. मालकाची गाडी मात्र धुतल्या तांदळासारखी स्वच्छ. ड्रायव्हरच्या चुलतभावाने जामीन दिला. मालकाने त्याच दिवशी ड्रायव्हरला कामावरून काढलं.

तेरावं उरकल्यावर रसवंतीवाल्याची बायको जबाब द्यायला आली. सोबत दीर. बाई बसायच्या आत दीरच सुरू झाला, "साहेब, ड्रायव्हर झोपला होता असं लिहा. मालक चांगला माणूस आहे, घरी येऊन भेटून गेला."

बाईने पदर सावरला आणि ती त्याच्याकडे वळली. "भावजी, तुम्ही होते का तिथं? मी होते." मग मला म्हणाली, "साहेब, ह्यो मानूस वरल्या वळनापासून भोंगा वाजवीत आल्ता. खिडकीतून तोंड काढून वरडत होता, सरका, सरका म्हनून. झोपलेला मानूस वरडतो व्हय?"

"तुमचा नवरा त्याच्या गाडीखाली गेलाय, बाई," मी म्हणालो.

"ठावं हाय मला. म्हनून तर सांगाय आले. माझ्या मानसाच्या मरनावर कुनी खोटं रचलेलं मला न्हाई चालायचं. खरा कोन ते हुडका तुम्ही."

ज्या बाईला त्या ड्रायव्हरला शिव्याशाप द्यायचा सगळ्यात जास्त हक्क होता, ती हे बोलत होती. तिचा जबाब मी स्वतः लिहून घेतला, तिच्याच शब्दांत.

त्यानंतर मी आवारातल्या ट्रकखाली पाठीवर आडवा झालो. शिपाई हसू दाबत उभे. मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण जुनं आणि नवं ओळखता येतं. सगळा ट्रक धुळीने आणि ग्रीसने काळा, आणि मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना बांधणारे बोल्ट मात्र चकचकीत. ॲक्सलला कुणी हात लावला नाही म्हणे!

मालकाच्या गाड्यांचं काम करणारा मिस्त्री जालन्यातला. त्याला बोलावलं. दोन्ही हात पुसत पुसत तो एकच सांगत राहिला, "मैंने कुछ नहीं किया साहब. मला काही म्हाईत न्हाई." त्याला भीती माझी नव्हती, मालकाची होती. मालकाचं काम बंद झालं तर गॅरेजला कुलूप लागलं असतं. मी त्याला चहा पाजला, हात लावला नाही आणि लावू दिला नाही. मारून घेतलेला जबाब कोर्टाच्या पहिल्या पायरीवरच घसरतो.

ड्रायव्हरचं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी काय रिकामी चालवून राह्यलो होतो? मी ठरवलं, गाडी भरायची.

हे वर कळलं, तसा वरून फोन आला. "साध्या अपघातात एवढा उपद्व्याप कशाला? दोषारोपपत्र टाका आणि मोकळे व्हा."

मी म्हणालो, "हरकत नाही साहेब. तेवढं लेखी द्या." फोन ठेवला गेला. लेखी कुणी देत नाही.

भरायचं कशाने? आमच्या आवारात गोदावरीच्या जप्त वाळूचे ढीग पडलेले होते, त्यांचं करायचं काय हा कायमचा प्रश्न. तहसीलदारांकडे परवानगी मागितली. ते आधी हसले, मग म्हणाले, "घ्या, पण कण न कण परत ढिगावर पडला पाहिजे." निरीक्षकांनाही पत्र देऊन पुन्हा बोलावलं. सज्जन माणूस होता. कपाळाला आठी न घालता आला आणि त्या दिवशीच्या सळईइतकं वजन व्हायला वाळू किती लागेल ते त्यानेच काढून दिलं.

पंच हजर, चित्रीकरण चालू, मालक, मिस्त्री आणि ड्रायव्हर समोर उभे. ड्रायव्हरचा हात अजून गळ्यातच, म्हणून आमचा पोलीस चालक केबिनमध्ये बसला. आधी रिकाम्या ट्रकचा ब्रेक दाबला. मागच्या दोन्ही चाकांपाशी हवेने ढकलली जाणारी लोखंडी दांडी असते, ती झटकन बाहेर आली. म्हणजे ब्रेक लागला. मालकाने मिशीला हात लावला. मग जेसीबीने वाळू टाकायला सुरुवात केली. ट्रक पाट्यांवर हळूहळू बसत गेला.

"दाब," निरीक्षक म्हणाले.

काट्यावर हवा पूर्ण होती. पुढची दांडी हलली. मागची एकही हलली नाही. पुन्हा दाबायला लावलं, तेच. निरीक्षक बॅटरी घेऊन खाली गेले आणि तिथूनच मला हाक मारली. मागच्या ब्रेकला हवा नेणारा रबरी पाईप ॲक्सल आणि चेसीच्या मध्ये दुमडून चिमटला होता. गाडी भरली की ॲक्सल वर येई, पाईप दाबला जाई आणि हवा मागे पोहोचतच नसे. माल उतरवला की पाईप मोकळा. रिकामा ट्रक तपासून हे जन्मात कळलं नसतं.

मी मिस्त्रीला म्हटलं, "जा, तूही बघून ये." तो खाली गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तो तिथेच चाकाला टेकून बसला.

"साहेब, हा ॲक्सल दुसऱ्या मॉडेलचा," तो म्हणाला. "पाईप जोडायची जागा दुसरीकडं आल्ती. जुना पाईप पुरंना, मंग लांब टाकला. गाडी घोडीवर उचललेली, ॲक्सल खाली लटकलेला. तवा बराबर दिसला मला. गाडी बसल्यावर त्याला जागा कुठं राहती ते म्या पाह्यलं न्हाई." तो डोळे पुसायला लागला. "आमच्यात रिवाज हाय साहेब. ॲक्सल उतरवला की एक भरलेली चक्कर मारून गाडी परत गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यायची, अन् भरलेलीच खालून बघायची. मी मालकाला सांगितल्तं. ते म्हणले टाईम न्हाई, जल्दी सोड."

मालक उसळला. "दरवेळी भरून परत आणायला माझ्या गाड्या काय शोभेच्या आहेत?"

आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. ॲक्सलला हात न लावणारा माणूस पंचांसमोर, कॅमेऱ्यासमोर हे बोलून गेला होता. पोलिसांपुढच्या अशा बोलण्याला कबुली म्हणून कोर्टात किंमत नसते, हे मला ठाऊक आहे. पण मिस्त्रीची भीती त्या वाक्यासरशी गेली. त्याने पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर सगळं सांगितलं, स्वतःची चूक न वगळता.

जाता जाता मालक मला म्हणाला, "तुमची बदली कुठे करायची ते बघतो."

"जिल्ह्याचं नाव लवकर कळवा," मी म्हणालो. "बायकोला सामान बांधायला वेळ लागतो."

बदली झाली, फार लांब झाली. झाली तर झाली. मालक आणि मिस्त्री यांना आरोपी आणि ड्रायव्हरला साक्षीदार करणारं दोषारोपपत्र त्याच्या आधीच कोर्टात पोहोचलं होतं. नव्या ठाण्यात मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की भरलेल्या गाडीचा अपघात असेल तर तपासणी मालासह होईल, माल नंतर उतरेल. व्यापारी चिडले, फोन आले. मी म्हणायचो, लेखी द्या. त्या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं. गुन्हा घडताना गोष्ट ज्या अवस्थेत होती त्याच अवस्थेत ती तपासा, आणि आडवे येणाऱ्यांना नाव-हुद्दा लिहून द्यायला सांगा. निम्मे तिथेच वाटेला लागतात.

साक्षीसाठी मी त्या लांबच्या जिल्ह्यातून आलो होतो. ड्रायव्हर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. मालकाचे वकील त्याला घोळात घेत होते, "तुम्हाला डुलकी लागली नव्हती याला पुरावा काय?" त्या तिखट जिभेच्या माणसाने या वेळी उलट उत्तर दिलं नाही. त्याने फक्त मागच्या बाकाकडे बोट केलं आणि म्हणाला, "त्यांना इचारा."

तिथे रसवंतीवाल्याची बायको बसली होती. ती कुणी पुकारायच्या आतच उभी राहिली. न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं. तिचा नंबर आल्यावर तिने ठाण्यात सांगितलं होतं तेच सांगितलं, शब्दाला शब्द. वकिलांनी पुष्कळ हलवून पाहिलं, ती जागची हलली नाही.

बाहेर लिंबाखाली ड्रायव्हर तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. तीच म्हणाली, "चालीवता का अजून गाडी?"

"चालवतो, ताई. दुसऱ्याची."

"चालवा," ती म्हणाली. "पन मालक कोनबी असू द्या, भरलेली गाडी खालून बघितल्याबिगर हालायचं न्हाई. हालायचंच न्हाई."

त्याने मान डोलावली. ती पिशवी उचलून बसथांब्याकडे चालू लागली.