नऊ म्हणजे नऊ

बाबांनी माझ्या धाकट्या बहिणीचा हात पाण्यात सोडला, त्याला आता तीन वर्षं झाली. आमच्या घरी हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो. पाहुणे आले की बाबा सांगतात, आई हसते, पाहुणे बहिणीच्या पाठीवर थाप मारतात, आणि मी चहाचे कप उचलून आत निघून जायचे.

बाबा तेव्हा तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामावर होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. घिवलीच्या वाटेवर भाड्याचं घर होतं, तिथून समुद्र वीस मिनिटं. मी मुंबईत हॉस्टेलवर राहून शिकत होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले होते. एकोणीस वर्षांची होते. बाबांबरोबर काम करणारे लोक आले की बाबा मला बाहेर बोलावून चार वाक्यं इंग्रजीत बोलायला लावत. ते झालं की आत जायचं. एरवी मी काही बोलावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती, आणि मलाही ते सोयीचं होतं.

बहीण सहा वर्षांची. तिला पोहायला शिकवायचं बाबांनी मनावर घेतलं होतं. किनाऱ्यावर खडकांत एक कुंडासारखी जागा होती, बाहेर लाटा फुटत असल्या तरी आतलं पाणी स्थिर. एका रविवारी सकाळी नऊला आम्ही ती पाहून आलो. बहिणीला छातीपर्यंत पाणी होतं. बाबा खूश झाले. "पुढच्या रविवारी इथंच. नऊ म्हणजे नऊ."

त्यांचं सगळंच असं. कामावरचा भोंगा व्हायचा त्या मिनिटाला ते जेवायला बसत.

शनिवारी शेजारच्या दांडी गावची मासळीवाली मावशी पाटी घेऊन दारात आली. तिच्यासमोर बहिणीने उड्या मारत उद्याचा बेत सांगितला. मावशीचा मांदेली मोजणारा हात थांबला.

"उद्या नको गं बाय. उद्या पुनव हाय. दुपारला भरती भरल, सकाळी पानी चढतं असल."

आई म्हणाली, "अहो, गेल्या रविवारी तर अगदी शांत होतं."

"गेल्या रईवारी आठम होती. तवा त्या टायमाला पानी जात होतं, उद्या त्याच टायमाला येनार. आठ दिसांत दर्या उलटा व्हतो. तुमच्या घड्याळात नाय दिसत ते." मग स्वतःच हसली. दुपारी ती मुद्दाम परत आली, ती दोन असोले, सालासकट नारळ काथ्याने एकमेकांना बांधून. काथ्याचं एक टोक लांब सोडलं होतं. "काखंत घालायचे. आमची पोरं यावरच शिकतात."

मला तिचं बोलणं पूर्ण कळलं होतं. चंद्र, पृथ्वी, भरती-ओहोटी, सगळ्याची आकृती मी शाळेत रंगवली होती. त्यावर मला चांगले गुणही मिळाले होते.

रात्री जेवताना आईने बाबांना मावशीचं म्हणणं सांगितलं. "म्हणजे आता मासळीवालीला विचारून सुट्टी घ्यायची का मी?" बाबा म्हणाले. नारळ पाहून तर ते फारच हसले. "नारळाला लोंबकळायचं म्हणजे पोहणं? मला काकांनी सरळ विहिरीत फेकलं होतं."

मी म्हटलं, "बाबा, भरतीची वेळ रोज जवळजवळ एक तास—"

"अरे वा! बाईसाहेब बोलल्या. सांगा, सांगा. इंग्रजीत सांगा."

आई हसली. बहीणही हसली, कारण आई हसली. मी भात कालवला. नारळ तेवढे रात्रीच पिशवीत तळाशी ठेवले, वर पंचे.

सकाळी बरोबर नऊला आम्ही पोहोचलो. कुंड गेल्या रविवारसारखंच होतं, पाणीही तेवढंच. बाबांनी आईकडे विजयाने पाहिलं. "सांगा तुमच्या मावशीला."

बहिणीने पाण्यात उतरण्याआधी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "बाबा, हात सोडणार नाही ना?"

"नाही."

"शपथ?"

"गळ्याशपथ."

"आईची?"

"आईची पण."

"मला कशाला मध्ये घेता?" आई म्हणाली आणि थालीपिठांचा डबा उघडून बसली.

पहिली दहा-पंधरा मिनिटं बरी गेली. बाबा तिचे हात धरून मागे मागे चालत होते, ती पाय मारत होती. मी काठावरच्या सपाट खडकावर बसले होते. चपला त्याच खडकावर काढल्या होत्या. पाणी चपलांपर्यंत आलं. मी चपला उचलून वरच्या खडकावर ठेवल्या. थोड्या वेळाने तिथेही आलं. मी पुन्हा उचलून आणखी वर ठेवल्या. आजही राग येतो तो सर्वांत आधी याचाच. दोन वेळा मी चपला हलवल्या आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

मग बाबांनी हात सोडला.

पाणी वाढलंय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. बहीण खाली गेली, वर आली, तोंडात पाणी, डोळे बाबांवर. ते दोन्ही हात वर करून हसत होते. "मार हात! पाय मार!" तेवढ्यात समुद्राच्या बाजूने एक लाट खडकावरून आत आली. फार मोठी नव्हती. पण परत जाताना तिने बहिणीला खडकांमधल्या फटीकडे ओढलं. बाबा धावले आणि शेवाळावर पाय घसरून आडवे पडले.

मला पोहता येत नाही. मी नारळ घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेले, काथ्याचं टोक मुठीत धरलं आणि नारळ तिच्याकडे फेकले. पहिल्यांदा आखूड पडले. दुसऱ्यांदा तिने ते कवटाळले. मी ओढलं. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तिचे दोन्ही गुडघे सोलून निघाले होते.

परतीची वाट गुडघाभर पाण्यात गेली होती. बाबांनी तिला खांद्यावर घेतलं. कोरड्या वाळूवर आल्यावर म्हणाले, "चला! पाण्याची भीती गेली."

"तुम्ही हात सोडलात," मी म्हणाले.

"सोडल्याशिवाय कोणी शिकतं का?"

"तिने विचारलं होतं. तुम्ही शपथ घेतलीत."

"पुरे गं," आई म्हणाली. "वाचली ना ती?"

दर्याचं बाबांना कळत नव्हतं, हे एक वेळ समजू शकते. पण हात काही लाटेने सोडवला नव्हता. लाट नंतर आली. आणि "वाचली ना" म्हणून आईने ते सगळं डब्याबरोबर बंद करून टाकलं. घरी पायरी चढताना बाबांनी हात पुढे केला, तेव्हा बहिणीने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढच्या रविवारी खांद्यावर पंचा टाकून ते दारात उभे राहिले. "चला, नऊ वाजले." बहीण माझ्या मागे आली आणि माझा पदर धरून उभी राहिली.

मी आदल्या दिवशी मावशीला विचारून ठेवलं होतं. म्हटलं, "आज पुन्हा अष्टमी आहे. वेळ बरोबर आहे. पण ती तुमच्याबरोबर येणार नाही."

"मग कोणाबरोबर?"

"माझ्याबरोबर. नारळ बांधून. मावशी येणार आहे तिथे."

"तुला कुठं पोहता येतं?"

"नाही येत. म्हणून मी हात सोडणार नाही."

बाबा हसायला लागले, मग थांबले. पंचा खुर्चीवर टाकून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मी हॉस्टेलवर परत जाईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, पण फक्त जेवणाचं.

आम्ही दोघी रोज मावशी सांगेल त्या वेळेला गेलो, कधी सकाळी, कधी संध्याकाळी. मावशी जवळच्या खडकांवर कालवं फोडत बसायची आणि तिथूनच ओरडायची, "पाय वर घे गं, बेडकी!" बहीण रोज विचारायची, सोडणार नाहीस ना? अकराव्या दिवशी तिने आधी नारळ सोडायला सांगितले. मग म्हणाली, "ताई, आता सोड." मी सोडला.

गेल्या महिन्यात घरी पाहुणे आले होते. बाबांनी सांगायला सुरुवात केली, मी हात सोडला आणि पोरगी त्याच दिवशी पोहायला लागली. या वेळी मी कप उचलले नाहीत.

"त्या दिवशी नाही," मी मराठीतच म्हणाले. "त्या दिवशी ती बुडत होती."

कोणी हसलं नाही. बहीण उठून माझ्या शेजारी येऊन बसली.