कुशाबाईंचे दोन शब्द

शिरूरच्या कॉलेजात कुशाबाई बावीस वर्षं शिपाई होत्या. संध्याकाळी मुलींना एसटीत बसवून द्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मुली मोजायच्या मात्र कधीच नाहीत. माहेरी मेंढरं कोंडताना त्यांचे आबा सांगायचे, "मोजायचं न्हाई पोरी, तोंडं बघायची. नसंल ती आपसूक कळती."

महिला दिनाला प्राचार्यांनी त्यांना स्टेजवर बसवून शाल-नारळ दिला. कुशाबाई खुर्चीच्या कडेला अवघडून टेकल्या होत्या. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या माइकसमोर आल्या आणि त्यांनी सवयीनं मुलींच्या रांगांवरून नजर फिरवली.

"इनामगावची पोर, प्रगती, दिसंना. तीन दिस झालं. तिच्या घरी कोण गेलंय का?"

प्राचार्य गडबडले. "सोमवारी पत्र पाठवू."

"पत्रानं पोर येत न्हाई, सर!" शाल खुर्चीवर टाकून कुशाबाई निघाल्याच.

तेवढ्यात मागच्या रांगेतली तेजश्री उठली, तिच्या पाठोपाठ आणखी सात-आठ मुली. "मावशी, तुम्ही बसा. आम्ही जातो, तिला घेऊनच येतो."

कुशाबाई मागं फिरल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच कॉलेजच्या खुर्चीत पाठ टेकून बसल्या.