गिरिजाबाईंच्या अंगात कुणी आलं नव्हतं

माझ्या आईच्या अंगात कुणीही आलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण म्हैसूरात आमच्या चामराजपुरमच्या बायका अजूनही मला देवळात गाठून हळूच विचारतात, "तुंगा, तुझ्या अव्वाला पूर्वज दिसायचे म्हणे, हौदा? खरं का?" नाही हो, नाही! तिची लघवी तुंबली होती. असं स्पष्ट सांगितलं की त्यांची तोंडं वाकडी होतात. होऊ देत. मला आता कुणाची भीड राहिलेली नाही.

अव्वा म्हणजे गिरिजाबाई. देवराज मोहल्ल्यात आमच्या अप्पांचं, नागोजीरावांचं, शिंप्याचं दुकान होतं. अप्पा अकाली गेले तेव्हा मी सातवीत होते आणि धाकटा भाऊ वेंकटेश पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायला लागला होता. आता दुकान विकणार असं सगळे धरून चालले होते. ही बाई दिवस-वार उरकले आणि सरळ जाऊन मशीनवर बसली. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, मिळेल ते शिवायची. समोर उभ्या बाईकडे एकदा बघितलं की हिला छाती, कंबर, दंड सगळं कळायचं. गिऱ्हाईक टेप मागायचं म्हणून ती टेप लावायची, एवढंच.

रणोजीकाकांना, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाला, हे दुकान कधी आवडलं नाही. आमचं घराणं म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळातलं. मूळपुरुष मल्हारराव घोडेस्वार होते, आणि त्यांची एक गंजकी तलवार आमच्या देवघरात आहे. काका आले की सुरू व्हायचे, "तलवारीच्या घराण्यात सुई आली." अव्वा दातात दोरा धरूनच उत्तर द्यायची, "भाऊजी, दर दसऱ्याला ती तलवार मीच घासते. तिनं दुधी भोपळा चिरून दाखवा, मग बोलू." काका चडफडत कॉफी संपवायचे.

पण एक गोष्ट आठवली की आजही माझं डोकं फिरतं. त्या अख्ख्या बाजारात बाईमाणसाला जायला एक जागा नव्हती. सोन्याची दुकानं, जरीची दुकानं, धान्याचे घाऊक व्यापारी, लाखांच्या उलाढाली, आणि बायकांसाठी एक संडास नाही! पुरुषांचं काय, भिंतीकडे तोंड केलं की झालं. अव्वानं मग पाणीच सोडलं. सकाळी घरून कॉफी पिऊन निघायची ती संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याला तोंड लावायची. उन्हाळ्यातसुद्धा हेच. सत्तरी उलटल्यावर दुकान बंद केलं, संडास खोलीला लागून आला, तरी पाणी प्यायची सवय काही लागली नाही. "तहानच लागत नाही गं," म्हणायची. मी रागावले की हसायची.

त्या वर्षी पितृपक्षात तिला सर्दी झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं न विचारता गोळ्या दिल्या, झोप आणणाऱ्या, आणि ती आज्ञाधारकासारखी त्या घेत राहिली. मी कृष्णराजनगरला शाळेत शिकवते. वेंकटेशचा फोन आला तेव्हा मी वह्या तपासत होते.

"अक्का, अव्वाला माणसं दिसतायत. घोडेस्वार. पडवीत उभे आहेत म्हणते."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून. सकाळी बरी होती, शेंगा सोलत होती."

"डॉक्टरला दाखवलंस का?"

"दाखवलं. ते म्हणाले वय झालंय, आता असंच चालायचं."

त्या डॉक्टरनं तिला हात लावला होता का, विचारलं. नव्हता. टेबलापलीकडून बघून निकाल दिला होता. सकाळी शेंगा सोलणारी बाई दुपारपर्यंत इतकी म्हातारी कशी झाली, हे त्या शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही! मी दुसऱ्या दिवशी पहिली बस धरली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पितृपक्षाच्या अमावास्येला आम्ही पूर्वजांसाठी 'एडे' ठेवतो. म्हणजे केळीच्या पानावर त्यांच्या आवडीचं जेवण आणि शेजारी नवे कपडे मांडायचे, आणि दार लोटून बाहेर बसायचं. मला ही रीत आवडते. अप्पांसाठी वांग्याचं भरीत मी स्वतः करते. पण आमच्या घराण्यात त्याला आणखी एक शेपूट आहे. अमावास्येआधीच पूर्वज कुणाला दिसले, तर एडे होईपर्यंत त्या माणसानं अन्नपाणी घ्यायचं नाही, तीर्थ तेवढं चालतं. पूर्वज उपाशी दारात उभे असताना आपण घास कसा घ्यायचा, अशी त्यामागची अक्कल.

मी घरी पोचले तर पडवीत चपलांचा ढीग. आत अव्वा खुर्चीत, गळ्यात झेंडूची माळ, कपाळभर कुंकू. गल्लीतली माणसं एकेक करून तिच्या पाया पडत होती. रणोजीकाका हात जोडून उभे. जन्मभर तिला वैनी म्हणणारा माणूस तिला म्हणत होता, "सरकार, आज्ञा करा. घराण्यावर कसला कोप आहे?"

अव्वाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती हवेत टेप धरून कुणाचं तरी माप घेत होती. "सरळ उभे राहा हो. खांदा वाकडा शिवलाय कुणीतरी. बटणं कुठे गेली?" मग एकदम घाबरून, "घोड्यांना पाणी द्या. तहानेनं मरतील ती."

"पाणी दिलंय, सरकार," काका म्हणाले. खरंच दिलं होतं! उंबऱ्यात भलंमोठं घंगाळ भरून ठेवलं होतं, फुलं टाकून. आणि अव्वाचे ओठ चिरले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात पळीभर तीर्थ आणि ती सर्दीची गोळी, एवढंच गेलं होतं. ज्या घोड्यांना पायच नाहीत त्यांना घंगाळभर, आणि बाईला पळीभर. माझ्या अंगाचा भडका उडाला.

मी माळ काढून फेकली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. पोटाला हात लावला तर ती कळवळली. "अव्वा, लघवीला गेली होतीस?" तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या क्षणापुरती ती माझीच आई होती. "होतच नाही गं. दुखतंय."

"भवानी, ही कधी गेली होती?" मी भावजयीला विचारलं.

"काल सकाळी, वन्सं. नंतर खुर्चीतून उठूच दिलं नाही या सगळ्यांनी."

"वेंकटेश, रिक्षा आण."

काका दारात आडवे झाले. "अमावास्या तीन दिवसांवर आलीय. मल्हारराव घरात आहेत. अशा माणसाला उंबऱ्याबाहेर नेलं तर घराण्याचा दिवा विझेल."

"दिवा तुम्हीच विझवताय, काका! ती मरतेय, दिसत नाही का तुम्हाला? तुमचे मल्हारराव खरंच आले असतील तर त्यांनाही लाज वाटत असेल!"

जमलेल्या बायका 'अय्यो' करून मागे सरकल्या. मी वेंकटेशला म्हटलं, उचल तिला. तो काकांकडे बघत राहिला. बँकेत ऑफिसर आहे हो हा, चारचौघांत इंग्रजी झाडतो, आणि आईला उचलायला त्याला काकाची परवानगी हवी होती. मी एकटीनं ओढलं तर अव्वा खुर्चीतून घसरायला लागली. तेवढ्यात भवानीनं पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं तिच्या काखेत हात घातला. ही पोरगी लग्न होऊन आल्यापासून काकांसमोर मान वर करून बोललेली नव्हती. तशीच, एक अक्षर न बोलता, ती काकांना खांद्यानं बाजूला सारून बाहेर पडली. रिक्षात आम्ही दोघींनी अव्वाला मध्ये घेतलं. ती सगळा रस्ताभर घोडेस्वारांना वाट द्या म्हणत होती.

दवाखान्यात ड्यूटीवर कृष्णवेणी नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं आधी पोट दाबून बघितलं आणि नळी घातली. पिशवी भरत राहिली, भरतच राहिली, आणि अव्वाचा चेहरा सैल पडला. मी डॉक्टरला विचारलं, वय झालं म्हणून असं होतं का?

"कोण म्हणालं?" ती तडकलीच. "म्हातारपणाचं विसरणं हळूहळू येतं, महिनोन् महिने. काल बरी होती आणि आज भास होतात, याचा अर्थ शरीरात काहीतरी बिघडलंय आणि ते शोधायचं असतं. कधी छातीत संसर्ग असतो, कधी साखर उतरते, रक्तातलं मीठ कमी होतं. यांची लघवी तुंबलीय आणि तिथे जंतू झालेत, अंगात पाणी नाही. आणि ही गोळी कुणी दिली? म्हाताऱ्या माणसाची लघवी ही गोळी अडवते, डोकंही फिरवते. आणखी एक दिवस गेला असता तर मी काही सांगू शकले नसते."

मी भिंतीला टेकून रडले. दुःखानं नव्हे, संतापानं.

अमावास्येच्या दिवशी अव्वा उशीला टेकून बसली होती, भवानी आणि मी शेजारी होतो. सलाईन चालू होतं, घोडेस्वार निघून गेले होते. वॉर्डातल्या नर्सच्या झग्याची शिवण तिला खटकत होती, त्यावरून मला कळलं की बाई ताळ्यावर आली. गल्लीतलं एक कुत्रंही तिला बघायला आलं नव्हतं. आले ते काका आणि वेंकटेश, घरची एडे उरकून, प्रसादाचा डबा घेऊन.

काका पलंगाशी वाकले. अजूनही आशा सुटली नव्हती. "वैनी, मल्हारराव जाताना काही बोलले का?"

अव्वानं मान त्यांच्याकडे वळवली. "भाऊजी, मला बरंचसं आठवतंय. तुम्ही पाया पडत होता तेव्हा मी सांगत होते, पोटात दुखतंय. मोठ्यानं सांगत होते. तुम्ही म्हणालात, सरकार कोपलेत."

काका पलंगापासून मागे सरकले. वेंकटेशनं घाईघाईनं डबा उघडला. वरच्या खणात होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आणि खाली वांग्याचं भरीत. "अव्वा, अप्पांच्या पानावरचं आणलंय. चांगली झाली एडे. सगळे जेवून गेले असतील."

"मेलेल्यांचं तू छान करतोस," अव्वा म्हणाली. "मी मेले की माझंही करशील, ठाऊक आहे मला. पान मांडशील, साडी ठेवशील, दार लोटून बाहेर बसशील. पण वेंकटेश, मी खुर्चीत जिवंत बसले होते रे. तू दारापाशी उभा होतास. मी तुलाच हाक मारत होते."

वेंकटेशच्या हातातला डबा कलला आणि भरीत चादरीवर सांडलं. ते पुसायला भवानी पुढे झाली. तो तसाच उभा होता.